हाडांत शिरणारा कर्करोग आणि विकरे

स्तनाचा कर्करोग पुष्कळदा हाडांतच का पसरतो? स्टीफन पॅजेट या इंग्रज शल्यविशारदाने १८८९ साली ७३५ मृत रुग्णांच्या नोंदी तपासून उत्तर सुचविले: रोगपेशी हे बीज होय, ते चहूकडे उडते, परंतु मानवेल त्याच भूमीत रुजते.

पण हाडाची भूमी कठीण! तेथे विकरे, म्हणजेच एन्झाइमे, उपयोगी पडतात. ग्रॉस व लापिएर यांना १९६२ साली बेडकाच्या पिलाच्या आटत जाणाऱ्या शेपटीत कोलॅजेन तोडणारे विकर आढळले. त्याच कुळातील विकरांच्या साहाय्याने रोगपेशी ऊतकांतून वाट काढतात. हाड मात्र त्या स्वतः फारसे पोखरीत नाहीत. शरीराच्याच अस्थिभक्षक पेशींना त्या चेतवितात. चोराने घरच्या गड्याकडूनच भिंत फोडून घ्यावी, तसा हा प्रकार. अस्थिभक्षक पेशी आम्लाने हाडातील क्षार विरघळवितात, कॅथेप्सिन-के या विकराने कोलॅजेन पचवितात. त्यासरशी हाडात साठलेली वृद्धिद्रव्ये मोकळी होऊन रोगपेशींनाच पोसतात, आणि पोसलेल्या पेशी अस्थिभक्षकांना अधिकच चेतवितात. अखेर साध्या धक्क्यानेही हाड मोडते.

२०१० साली मान्यता मिळालेले डेनोसुमॅब हे औषध अस्थिभक्षकांची निर्मितीच रोखते. त्याने रोग बरा होत नाही. हाड मोडण्याची वेळ मात्र लांबते.