टेबल मोठ्यांचे, मूल छोटे : कोडिंगसाठी योग्य बैठक कशी लावावी?



राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंगची ओळख करून देण्याचा उल्लेख आहे. आपल्या छत्रपती संभाजीनगरात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासून आहे, विद्यापीठ परिसरात नाईलिटचे केंद्र आहे. त्यामुळे सहावीत कोडिंग सुरू केलेलं मूल पुढे वीस-तीस वर्षं संगणकासमोर बसेल, ही शक्यता मोठी आहे. भाषा कोणती शिकवायची, क्लास कोणता लावायचा याची चर्चा आपण खूप करतो. पण मूल बसतं कसं, हे कोण बघतं? पलंगावर पोटावर लॅपटॉप, नाहीतर डायनिंग टेबलाच्या खुर्चीत पाय लोंबकळत. मग पंधरा मिनिटांत चुळबुळ सुरू होते आणि आपण म्हणतो, "याचं लक्षच नाही!"

आज आपण खर्चिक फर्निचर न घेता ही बैठक कशी लावायची ते पाहू.

काम माणसाच्या मापाचे

शरीराला साजेल अशी कामाची मांडणी करण्याच्या शास्त्राला अर्गोनॉमिक्स म्हणतात. हा शब्द १८५७ साली पोलंडचे शास्त्रज्ञ यास्त्रझेंबोव्स्की यांनी वापरला. पण कल्पना आपल्याला नवी नाही. शहरापासून सुमारे ५० किलोमीटरवर पैठण आहे. पैठणीच्या पारंपरिक खड्डामागावर विणकर जमिनीच्या पातळीवर बसतो, पाय खड्ड्यात मोकळे सोडतो आणि काम हाताच्या टप्प्यात ठेवतो. इतकं असूनही दिवसभर एकाच जागी बसल्याने पाठ दुखतेच. म्हणजे मुद्दे दोन : बैठक योग्य हवी, आणि ती मोडून उठताही यायला हवं.

कोडिंगची बैठक वेगळी का?

व्हिडिओ बघताना मूल हलतं, टेकतं, लोळतं. कोडमधली चूक शोधताना मात्र ते गोठून जातं. एक कंस किंवा स्वल्पविराम सापडत नाही म्हणून मान पुढे जाते, खांदे वर चढतात, पापण्या कमी मिटतात. त्यामुळे कोडिंगसाठी अक्षरं मोठी ठेवणं हा पहिला, फुकटचा उपाय आहे. बहुतेक एडिटरमध्ये कंट्रोल आणि अधिकचे बटण दाबले की अक्षरे मोठी होतात. मूल पाठ टेकून वाचू शकेल इतकी मोठी करा.

आधी टेप घ्या, मग खुर्ची

घरचं टेबल साधारण ७५ सेंमी आणि खुर्ची ४५ सेंमी उंच असते. हे माप मोठ्यांचं आहे. मुलाला बसवून दोन मापे घ्या :

१) बैठकीपासून कोपरापर्यंतची उंची (हात खाली सोडून, कोपर काटकोनात)
२) गुडघ्यामागच्या खोबणीपासून टाचेपर्यंतची उंची

समजा, ही मापे १८ आणि ३७ सेंमी आली. टाइप करताना कोपर टेबलाच्या पातळीवर हवं. म्हणून बैठकीची उंची = ७५ − १८ = ५७ सेंमी. खुर्ची ४५ ची, म्हणजे वर १२ सेंमीची घट्ट घडी हवी. जुनी गोधडी चालते. मऊ उशी दबते, ती नको. आता पाय लोंबकळणार! म्हणून पायाखाली ५७ − ३७ = २० सेंमी उंचीचा चौरंग किंवा न हलणारा लाकडी खोका. पाठ खुर्चीला टेकत नसेल तर मागे लोड ठेवा. टेबलाला ड्रॉवर असेल आणि मांड्या अडकत असतील, तर दुसरं टेबल बघावं.

लॅपटॉपची खरी अडचण

लॅपटॉपचा पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले. हात नीट ठेवले तर मान झुकते, पडदा वर घेतला तर हात उचलावे लागतात. मणक्याचे अमेरिकन शल्यविशारद केनेथ हंसराज यांनी २०१४ साली प्रौढांसाठी मांडलेल्या गणितानुसार, मान सरळ असताना तिच्यावर सुमारे ५ किलो भार येतो. ६० अंश झुकली की तो २७ किलोच्या आसपास जातो.

उपाय सोपा आहे. लॅपटॉप जुन्या जाड पुस्तकांच्या चळतीवर ठेवा, पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली येऊ द्या, आणि वेगळा कीबोर्ड व माउस जोडा. साधी जोडी हजार रुपयांच्या आत मिळते. पडदा हातभर अंतरावर ठेवा. मनगट वर-खाली न वाकता सरळ राहिलं पाहिजे.

उजेड, कूलर आणि डोळे

खिडकी बाजूला हवी, पाठीमागे किंवा अगदी समोर नको. पाठीमागे असेल तर पडद्यावर चमक येते, समोर असेल तर डोळे दिपतात. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेला की आपण कूलरसमोर बसतो. त्याचा झोत थेट चेहऱ्यावर आला की डोळे कोरडे पडतात, म्हणून तो बाजूने येऊ द्या. कूलरच्या पाण्यापासून एक्स्टेन्शन बोर्ड लांबच ठेवा. दर २० मिनिटांनी २० फुटांवरच्या वस्तूकडे २० सेकंद बघायची सवय लावा. खिडकीतून समोरचं कडुनिंबाचं झाड दिसत असेल तर उत्तमच!

शाळेची लॅब : अडचणीतून सोय

एका संगणकावर दोन मुलं, ही आपली नेहमीची तक्रार. पण दोघांनी मिळून एकच कोड लिहिणं ही सॉफ्टवेअर कंपन्यांतही वापरली जाणारी पद्धत आहे. एक टाइप करतो, दुसरा चुका शोधतो आणि दिशा सांगतो. आपण दर दहा मिनिटांनी अदलाबदल करू. दिशा सांगणारा उभा राहील. त्यामुळे प्रत्येक मूल तासाभरात दोन-तीनदा आपोआप उठतं, त्यासाठी ओरडावं लागत नाही. उंचीनुसार जोड्या लावल्या तर खुर्चीवरची घडी आणि पायाखालचा खोका दोघांनाही चालतो.

उपक्रम

मुलांना जोडीने एकमेकांची मापे घेऊ द्या. मग एक छोटा प्रोग्राम लिहायला सांगा : टेबलाची उंची, कोपराची उंची आणि पायाची उंची विचारायची, दोन वजाबाक्या करायच्या आणि बैठकीची व पायाखालच्या खोक्याची उंची दाखवायची. उत्तर ऋण आलं तर काय सांगायचं? इथे अट वापरावी लागते. गणितातलं मोजमाप, विज्ञानातलं शरीर आणि कोडिंग, तिन्ही एका तासिकेत!

पालकहो, एवढं लक्षात ठेवा

मूल वाढतं, म्हणून दर सहा महिन्यांनी माप पुन्हा घ्या. बोटांना मुंग्या येणं, रोज डोकं दुखणं, पडद्याजवळ जाऊन वाचणं, या गोष्टी "मोबाईलमुळेच" म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना दाखवा आणि डोळे तपासून घ्या. आणि मूल मध्येच उठून चालायला लागलं तर रागावू नका. अडलेली चूक पुष्कळदा फेरी मारून आल्यावरच सापडते.