फुटबॉल संघ वर चढतो, तेव्हा फी कुणाची वाढते?

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत शिकत असेल, तर दर सत्राचं बिल एकदा सावकाश वाचा. ट्यूशन, खोली आणि जेवणाच्या खर्चाखाली सक्तीच्या फीची एक ओळ असते. मुलीच्या पहिल्या वर्षी मी ती तशीच सोडून दिली. वाचनालय, व्यायामशाळा, बस असं काहीतरी असेल, असं धरून चाललो. पुढच्या वर्षी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तिची फोड शोधून काढली, तर सगळ्यात मोठा वाटा खेळ विभागाचा निघाला. म्हणूनच एखादं लहान विद्यापीठ आपला फुटबॉल संघ वरच्या श्रेणीत न्यायचं ठरवतं, तेव्हा त्याचा हिशेब पालकांनीही मांडावा, असं मला कळकळीनं वाटतं. इथे फुटबॉल म्हणजे अर्थात अमेरिकन फुटबॉल.

आधी थोडी ओळख. एनसीएए ही कॉलेज खेळांची नियामक संस्था. तिच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये फुटबॉलच्या दोन पायऱ्या आहेत: वरची एफबीएस, खालची एफसीएस. वर जाण्याच्या अर्जाची फी पूर्वी ५,००० डॉलर होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती एकदम ५० लाख डॉलर झाली. शिवाय एखाद्या एफबीएस कॉन्फरन्सचं, म्हणजे आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाचं, आमंत्रण हातात असावं लागतं, आणि जुनी कॉन्फरन्स सोडण्याचे पैसे वेगळे.

पण ५० लाख एकदाच भरायचे असतात. हत्ती विकत घेता येतो, पोसणं जड जातं. २०२३ च्याच नव्या अटींमध्ये किमान १६ खेळ, सगळे खेळ मिळून २१० शिष्यवृत्त्या आणि त्यांवर वर्षाला किमान ६० लाख डॉलर खर्च, असा दंडक आला. शिष्यवृत्तीचं गणित बघा. अनेक वर्षं एफसीएसमध्ये फुटबॉलला ६३ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती, एफबीएसमध्ये ८५. म्हणजे २२ जास्त. एका शिष्यवृत्तीचा खर्च ३०,००० डॉलर धरला, तर वर्षाला ६ लाख ६० हजार झाले. १९७२ च्या टायटल नाइन कायद्यामुळे खेळांच्या शिष्यवृत्त्यांत मुलींनाही त्यांच्या प्रमाणात वाटा द्यावा लागतो, आणि तो द्यायलाच हवा. त्यामुळे हा आकडा दुपटीच्या आसपास जाऊ शकतो. २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या हाउस समझोत्यानंतर तर तो स्वीकारणाऱ्या विद्यापीठांना संघातल्या सगळ्या १०५ खेळाडूंना शिष्यवृत्ती देता येते, वर खेळाडूंना थेट पैसेही देता येतात. प्रशिक्षकांचे पगार, विमानप्रवास, सरावाचं बंदिस्त मैदान हे सगळं याच्या वर.

बदल्यात मिळतं काय? पहिली दोन वर्षं संक्रमणाची; त्यात हंगामानंतरचे ‘बोल’ सामने सहसा खेळता येत नाहीत. व्हर्जिनियातलं जेम्स मॅडिसन विद्यापीठ २०२२ मध्ये वर गेलं. २०२३ मध्ये त्यांच्या संघाने सलग १० सामने जिंकले, तरी हा नियम शिथिल करण्याची विनंती फेटाळली गेली. शेवटी पात्र संघ कमी पडले म्हणून त्यांना बोल सामना मिळाला. तोवर प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी इंडियानाला निघून गेले होते, आणि त्यांच्या पाठोपाठ बरेच खेळाडूही गेले. वर गेलेल्या लहान संघाला हा धोका कायमचा. तुम्ही माणूस घडवायचा आणि मोठ्या विद्यापीठाने उचलायचा.

याच व्हर्जिनियाने केलेली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. उत्तर व्हर्जिनियातल्या मराठी घरांना ती माहीत असायलाच हवी. २०१५ च्या कायद्याने तिथल्या सरकारी विद्यापीठांत खेळांच्या खर्चातला किती हिस्सा विद्यार्थ्यांच्या फीमधून काढायचा, यावर मर्यादा घातली. एफसीएसला ७० टक्के, तर मोठ्या कॉन्फरन्सबाहेरच्या एफबीएस संघांना ५५ टक्के. म्हणजे वर जायचं तर विद्यार्थ्यांवरचा हिस्सा कमी करून दाखवा. इतर राज्यांनीही हा कायदा उचलावा.

मग जावं की नाही? ॲपलेशियन स्टेटने जावं, असं मी तेव्हाही म्हटलं असतं. २००७ मध्ये ४ लाख डॉलर मानधनावर ते मिशिगनला खेळायला गेले आणि ३४–३२ असे जिंकून आले. संघाभोवती गाव होतं, प्रेक्षक होते. ते २०१४ मध्ये वर गेले, टिकले. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठ २०१२ मध्ये वर गेलं, तेव्हा त्यांचे घरचे सामने ॲमहर्स्टपासून सुमारे दीडशे किलोमीटरवरच्या जिलेट स्टेडियममध्ये होऊ लागले. साठ हजारांवर आसनं, आणि आपले विद्यार्थी मात्र दीड-दोन तासांच्या अंतरावर. २०२५ च्या हंगामात त्यांना एकही विजय मिळाला नाही. आयडाहो १९९६ मध्ये वर गेलं. पुढे कॉन्फरन्सने करार वाढवला नाही, आणि २०१८ मध्ये ते स्वतःहून एफसीएसमध्ये परतले. असं करणारं ते पहिलंच विद्यापीठ. त्यात मला कमीपणा दिसत नाही. जवळचे प्रतिस्पर्धी मिळाले, बसने जाता येईल असे सामने मिळाले.

तुमच्या मुलांच्या विद्यापीठात ही चर्चा निघाली, तर ५० लाख कोण देणार हे विचारू नका. त्याला देणगीदार सापडतो. पाचव्या वर्षीचा खर्च कोण देणार, हे विचारा. सरकारी विद्यापीठ दरवर्षी एनसीएएला खेळांचा ताळेबंद देतं, आणि माहितीच्या कायद्याखाली अर्ज केला की तो सहसा मिळतो. नाइट-न्यूहाउस डेटाबेसवर बहुतेक सरकारी विद्यापीठांचे आकडे फुकट पाहता येतात. त्यात दोन रकाने शोधा: विद्यार्थ्यांची फी आणि विद्यापीठाने स्वतःच्या तिजोरीतून दिलेली मदत. दोन्हींची बेरीज करून एकूण विद्यार्थिसंख्येने भागा. येणारा आकडा बिलातल्या त्या ओळीशेजारी पेन्सिलने लिहून ठेवा, आणि संघ वर गेल्यावर दरवर्षी तो पुन्हा काढा.