लग्नाच्या एडिटिंगसाठी तयार डेस्कटॉप घेताय? दुकानात आधी हे विचारा

तुळजापूर, कळंब, उमरगा, सगळीकडून सध्या एकच प्रश्न येतोय. "सर, लग्नाचं एडिटिंग सुरू करायचंय, रात्री गेमपण खेळता आली पाहिजे. सत्तर हजारात तयार पीसी कोणता घेऊ?"

मॉडेलचं नाव मी सांगणार नाही. भाव आणि मॉडेल इतक्या भराभर बदलतात की आज सांगितलेलं दिवाळीपर्यंत शिळं होतं. दुकानात उभं राहून काय विचारायचं, तेवढं मात्र सांगतो.

आधी माझी फजिती ऐका. मी पहिला पीसी घेतला तेव्हा पाटीवर लिहिलं होतं, "आय-७, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड". बाजूला काच, आत रंगीत लाइट. मी खूश! घरी आणल्यावर कळलं की ते आय-७ म्हणजे आय-७ २६००, २०११ सालचं. आणि ग्राफिक्स कार्ड जीटी ७३०, म्हणजे नुसतं चित्र दाखवण्यापुरतं. ऐन सीझनमध्ये रात्रभर एक्स्पोर्ट लावायचो आणि सकाळी उठून बघायचो तर मशीन अडकलेलं. नवरीचे वडील दारात. दुकानदार खोटं बोलला नव्हता हो, मीच विचारलं नव्हतं.

म्हणून पहिला प्रश्न: पूर्ण नंबर काय? नुसतं "आय-५", "आय-७" ऐकून घ्यायचं नाही. इंटेलच्या नंबरातले सुरुवातीचे आकडे पिढी सांगतात. १२४०० म्हणजे बारावी पिढी, २६०० म्हणजे दुसरी. विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची आठवी किंवा त्यापुढची पिढी लागते, आणि विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. "सेकंडहँड आय-७ स्वस्तात" अशी जाहिरात दिसली की हे आठवा.

आता याच नंबरातली एक गंमत, जी बरेच जण चुकवतात. १२४०० आणि १२४००एफ. 'एफ' असलेला थोडा स्वस्त, म्हणून तयार गेमिंग पीसीत बहुतेक तोच घालतात. त्यात प्रोसेसरमधलं स्वतःचं ग्राफिक्स नसतं. गेमिंगला काही फरक पडत नाही, कारण वेगळं कार्ड असतंच. पण एडिटिंगला पडतो! इंटेलच्या त्या आतल्या ग्राफिक्समध्ये 'क्विक सिंक' असतं, ते व्हिडिओ उलगडायचं काम करतं. नवीन कॅमेरे एच.२६५ मध्ये ४:२:२ १०-बिट रेकॉर्ड करतात. ते फुटेज अकराव्या पिढीपासून पुढचं क्विक सिंक सहज पेलतं, पण एनव्हिडियाचं ३० किंवा ४० सिरीजचं कार्ड पेलत नाही. ५० सिरीजपासून ती सोय आली. म्हणजे महागडं कार्ड असूनही टाइमलाइन अडखळते आणि माणूस कपाळाला हात लावून बसतो. तुमचा कॅमेरा साधं ८-बिट शूट करत असेल तर 'एफ' चालेल. आधी कॅमेऱ्याची सेटिंग बघा, मग प्रोसेसर.

जागेचं गणित वहीत मांडा. ४के रेकॉर्डिंग १०० एमबीपीएसने केलं तर एका तासाला ४५ जीबी होतात. दोन कॅमेरे, प्रत्येकी तीन तास: २७० जीबी. तयार पीसीत ५१२ जीबी एसएसडी असते, त्यात विंडोज, सॉफ्टवेअर आणि दोन गेम. दुसरं लग्न आलं की डिस्क फुल! चालू कामासाठी १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी आणि झालेली लग्नं ठेवायला वेगळी हार्ड डिस्क, असं बघा. पार्टीला फायनल दिल्यावर ओरिजिनल किती दिवस ठेवणार, तेही ऑर्डर घेतानाच लिहून द्या.

रॅम १६ जीबीच्या खाली नको. आणि कशी लावली आहे ते विचारा. १६ ची एकच पट्टी लावण्यापेक्षा ८-८ च्या दोन लावल्या तर दोन्ही चॅनल चालतात आणि वेग मिळतो. चार स्लॉट असतील तर उत्तम, पुढे वाढवता येईल.

तयार पीसीत पैसे वाचवायची सगळ्यात आवडती जागा म्हणजे एसएमपीएस. पाटीवर त्याचं नावच नसतं. कंपनी, वॉट आणि '८० प्लस'चा शिक्का, तिन्ही विचारा. आपल्याकडे लाइटचा लपंडाव, वर मे महिन्याचं ऊन. एसएमपीएस गेला की कधीकधी बोर्डही घेऊन जातो. साध्या ६०० व्हीएच्या यूपीएसवर ग्राफिक्स कार्डवाला पीसी फुल लोडला टिकेलच असं नाही, १००० व्हीएच्या आसपासचा धरा. तो खर्च बजेटमध्ये आधीच घाला.

मोठ्या ब्रँडचा ऑफिसवाला डेस्कटॉप घेऊन नंतर कार्ड टाकू, असा विचार असेल तर झाकण उघडून बघा. काहींचा एसएमपीएस लहान आणि त्यांच्याच मापाचा असतो, बाजारातला बसत नाही.

"घरी येऊन सर्व्हिस" असं लिहिलेलं असेल तर आपला पिनकोड सांगून खात्री करा. धाराशिवचा ४१३५०१, तुळजापूरचा ४१३६०१. नाहीतर सीझनमध्ये पीसी गाडीवर बांधून सोलापूर गाठावं लागेल.

पक्कं बिल घ्या, प्रत्येक भागाचा मॉडेल नंबर लिहिलेलं. पीसीवर १८ टक्के जीएसटी आहे. तुमची नियमित नोंदणी असेल आणि पीसी धंद्यासाठी असेल तर तो क्रेडिटमध्ये मिळतो, कंपोझिशनमध्ये नाही. मुद्रा कर्ज घ्यायचं असेल तर शिशु ५० हजारांपर्यंत, त्यापुढे ५ लाखांपर्यंत किशोर. बँक कोटेशन मागते, ते असंच सविस्तर घ्या.

आणि गेमिंगचं काय? खरं सांगू, सत्तर हजारात दोन्ही टॉपचं होत नाही. समजा एका लग्नाच्या एडिटिंगमागे हातात चार हजार उरतात, तर सत्तर हजार फिटायला अठरा लग्नं. तोपर्यंत कार्ड मधलं घ्या, ८ जीबीचं. फुल एचडीवर गेम व्यवस्थित चालतात. वाचलेले पैसे रॅम आणि एसएसडीत घाला.

पैसे देण्याआधी शेवटची एक गोष्ट. एक्स्टर्नल एसएसडीवर स्वतःच्या कॅमेऱ्याचं दहा मिनिटांचं फुटेज घेऊन जा. दुकानात तुम्ही वापरता तेच एडिटिंग सॉफ्टवेअर टाकायला सांगा, टाइमलाइनवर फुटेज ओढा, कलर करा, एक्स्पोर्ट लावा आणि मोबाईलवर वेळ मोजा. टास्क मॅनेजर उघडून प्रोसेसर, रॅमचे स्लॉट आणि कार्डाचं नाव यांचा फोटो काढा. दुकानदार "एवढं कोण बघतं" म्हणाला तर चहा घ्या आणि पुढच्या दुकानात जा.