पेडल कडक झाले म्हणजे

बपेरा हे तुमसर तालुक्यातील अगदी सरहद्दीवरचे गाव. बावनथडी ओलांडली की बालाघाट जिल्ह्याचा मुलूख लागतो, आणि धान निघाल्याच्या दिवसांत पोत्यांनी लादलेल्या बंड्या व ट्रॅक्टर यांच्यातून वाट काढीतच मोटार न्यावी लागते. अशाच एका संध्याकाळी आडव्या आलेल्या बंडीसमोर मी माझ्या काँटेसाचा ब्रेक दाबला, तो पेडल दगडासारखे कडक. सीटला पाठ रेटून सर्व बळ लावले, तेव्हा कुठे गाडी बैलांपासून हातभर अंतरावर थांबली.

ही गाडी बनणे २००२ सालीच बंद झाले असल्यामुळे तिचा सुटा भाग मिळणे हेच मोठे दिव्य. तरीही शहरातील एका गॅरेजने कसलीही खातरजमा न करता बूस्टर बदलला आणि दोष जिथल्या तिथे राहिला. अखेरीस तुमसरच्या एका वृद्ध मिस्त्रींनी इंजिन चालू ठेवून मॅनिफोल्डपासून बूस्टरकडे जाणारी रबरी नळी बोटांनी चाचपली. क्लिपेखालच्या, वरून न दिसणाऱ्या भेगेवर बोट टेकताच फुसफुस थांबली आणि इंजिनाची डळमळती चाल स्थिर झाली.

पेट्रोल इंजिन हवा ओढते तेव्हा मॅनिफोल्डमध्ये जी निर्वात ओढ उत्पन्न होते, तिच्यामुळेच बूस्टरमधील पडद्याच्या दुसऱ्या बाजूची हवा पेडलास साह्य करते. निरोगी इंजिनात संथ चालीवर ही ओढ पाऱ्याच्या सुमारे १७ ते २१ इंच भरते, म्हणून टॅपेट वा टायमिंग बिघडले तरी ब्रेक जड होतो. परीक्षा सोपी आहे: इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत चारपाच वेळा दाबावे, पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करावे, पेडल किंचित खाली गेले तर बूस्टर शाबूत, न गेल्यास आधी नळी व तिच्यावरील एकमार्गी व्हॉल्व्ह पाहावा. नळी व्हॅक्यूमचीच, जाड भिंतीची घ्यावी. साधी पेट्रोलची नळी ओढीने आत चेपते. पेडल कडक न होता खाली बसत असेल, तर तो विकार वेगळा, हवेचा किंवा मास्टर सिलिंडरचा.

पेट्रोल वाचविण्यासाठी उतारावर इंजिन बंद करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की असे मुळीच करू नये. साठलेली ओढ दोनतीन दाबांतच संपते. आणि बाहेर थेंबही न गळता ब्रेक ऑइल उतरत असेल, तर मास्टर सिलिंडर सोडवून मागील बाजूस ओल पाहावी. तेथील सील सुटले की ऑइल बूस्टरमध्ये झिरपून पडदा खराब करते, आणि तेव्हा मात्र बूस्टरचा खर्च टळत नाही.