पेटाऱ्यातील रंगीत लेबले

प्रश्न : आजोबांच्या कापडदुकानाच्या पेटाऱ्यात ताग्यांवरची आणि काडेपेट्यांवरची जुनी रंगीत लेबले निघाली. संग्रह कसा करावा? – एक वाचक, खामगाव

उत्तर : कापसाच्या व्यापारामुळे ज्या पेठेस १८७० सालीच जलंबहून लोहमार्गाची शाखा लाभली, त्या आपल्या खामगावात विलायती आणि देशी गिरण्यांच्या ताग्यांबरोबर ही चिमुकली चित्रेही आली, आणि निरक्षर गिऱ्हाईक हत्ती, मोर, देवता अशा छापावरूनच माल ओळखीत असल्याने चित्रकाराची कला येथे व्यापारी दस्तऐवजाचेही कार्य करीत होती, हे प्रथम ध्यानी घ्यावे.

भिंगातून पाहता जुन्या शिळाछापाचे ठिपके अनियमित दिसतात, तर अलीकडील ऑफसेट नकलांचे जाळीसारखे नियमित. बाजारातील नकलांवर द्रव्य खर्चू नये. काडेपेटीवर ‘विमको’ या काडेपेट्यांच्या कंपनीचे नाव असल्यास ते लेबल १९२३ नंतरचे समजावे.

कापडास चिकटलेले लेबल पाण्यात भिजवून सोडविण्याचा मोह कृपया आवरावा, कारण रंग फुटतो आणि कापडाचा पुरावाही नष्ट होतो. लॅमिनेशन व चिकटपट्टी सर्वथा वर्ज्य. आम्लरहित कागदाचे लिफाफे वापरून ते उजेड, ओल आणि कसर यांपासून दूर ठेवावेत, आणि प्रत्येकावर शिसपेन्सिलीने प्राप्तिस्थान नोंदवावे.

माझ्या मते दुकानाचा शिक्का असलेले फाटके लेबल कोऱ्या करकरीत लेबलाहून अधिक मोलाचे आहे. दुकानाची रोजकीर्द वा खतावणी शिल्लक असेल, तर ती रद्दीत जाऊ देऊ नका. कोणता माल कोणत्या साली कोणत्या अडत्याकडून आला, हे तिच्यातूनच उलगडेल.