संगणक सुरू होताना दीड मिनिट अडतो

प्रश्न : आमच्या पैठणीच्या दुकानातला लिनक्स संगणक सुरू होताना दीड मिनिट अडून बसतो. नक्षींची जुनी हार्ड डिस्क काढल्यापासून हे चाललंय. काय करावं?
– एक वाचक, येवला

उत्तर : डिस्क काढलीत, पण ‘ईटीसी’ फोल्डरमधल्या ‘एफएसटॅब’ फाइलमध्ये तिची नोंद राहिली असावी. संगणक सुरू करणारी सिस्टिमडी ही प्रणाली त्या डिस्कची वाट पाहत बसते; ही मुदत सहसा 90 सेकंदांची असते. आधी फाइलची प्रत काढून ठेवा. मग टर्मिनलवर ‘एलएसबीएलके -एफ’ ही आज्ञा देऊन जोडलेल्या डिस्कचे यूयूआयडी (ओळखक्रमांक) एफएसटॅब फाइलमधल्या नोंदींशी ताडून बघा. जुन्या डिस्कच्या ओळीआधी # टाका. ती अधूनमधून जोडणार असाल, तर ओळ तशीच ठेवून पर्यायांत ‘नोफेल’ लिहा. रूट विभागाच्या ओळीला मात्र हात लावू नका.