प्रकाशाने हलणारे पदार्थ

यंत्र म्हटले की चाके, दट्ट्या, तारा आणि विजेचा पुरवठा डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु मोटार नाही, तार नाही. केवळ प्रकाशाचा झोत पडताच वाकणाऱ्या आणि वेगळ्या प्रकाशात पुन्हा सरळ होणाऱ्या मऊ पट्ट्या शास्त्रज्ञांनी तयार केल्या आहेत. त्यांना प्रकाशचालित मृदू चालक म्हणता येईल. रबर व प्लॅस्टिक ज्या कुळातील आहेत, त्या बहुवारिकांपासून म्हणजेच लांब साखळीच्या रेणूंपासून त्या बनवितात.

रेणूची हालचाल

या पट्ट्यांत बहुधा अ‍ॅझोबेंझीन हा रेणू गुंफलेला असतो. कापडाच्या अनेक रंगांशी त्याचे जवळचे नाते आहे. एरवी तो काडीसारखा सरळ असतो. सुमारे ३६५ नॅनोमीटर तरंगलांबीचे जंबुपार किरण शोषताच तो मधोमध वाकतो आणि त्याच्या टोकांतील अंतर सुमारे ०.९ नॅनोमीटरवरून ०.५५ नॅनोमीटरवर येते. दृश्य प्रकाशात तो पुन्हा सरळ होतो. प्रकाशामुळे होणारा हा बदल जी. एस. हार्टली यांनी १९३७ मध्ये दाखवून दिला.

एकट्या रेणूची ही हालचाल नगण्यच. परंतु द्रवस्फटिकी रबरात असे रेणू एकाच दिशेने, कवायतीतील रांगेप्रमाणे, मांडलेले असतात. काही रेणू वाकले की रांग मोडते आणि सबंध तुकडा त्या दिशेने आखडतो. अशा रबराचा आकार बदलू शकेल, ही कल्पना फ्रेंच शास्त्रज्ञ द जेन यांनी १९७५ मध्ये मांडली. २००१ मध्ये फिंकेलमान व त्यांच्या सहकाऱ्यांनी केवळ प्रकाशाने सुमारे २० टक्के आकुंचन घडवून आणले. २००३ मध्ये जपानमधील इकेदा यांच्या गटाने ध्रुवित प्रकाशाची दिशा बदलून एकच पातळ पट्टी हव्या त्या दिशेस वाकवून दाखविली. २००८ मध्ये तर अशा पट्ट्याने जंबुपार व दृश्य प्रकाशाच्या साहाय्याने दोन कप्प्या फिरविल्या.

वर्गातील प्रयोग

पट्टी आखडण्याऐवजी वाकते का? प्रकाश बहुतांशी वरच्या थरातच शोषला जातो. तेवढाच थर आखडतो, खालचा तसाच राहतो; म्हणून पट्टी प्रकाशाकडे वळते. शिक्षकांना हे तत्त्व सहज दाखविता येईल. ट्रेसिंग पेपरचा तुकडा पाण्यावर अलगद ठेवावा. खालची बाजू भिजून फुगते आणि कागद वर वळतो. तेथे एक बाजू फुगते, येथे एक बाजू आखडते, एवढाच फरक.

उपयोग व मर्यादा

जेथे तार पोहोचत नाही अशा सूक्ष्म झडपा, चिमटे यांसाठी हे पदार्थ उपयोगी ठरू शकतील. मात्र जंबुपार किरण शरीरातील पेशींना अपायकारक असून ऊतींत खोलवर शिरत नाहीत. त्यामुळे दृश्य व अवरक्त प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या पदार्थांचा शोध महत्त्वाचा आहे. शिवाय मोटारीच्या तुलनेत त्यांचे बळ अल्प आणि प्रकाशातील पुष्कळशी ऊर्जा वाया जाणारी. तेव्हा हे पदार्थ उद्या पाण्याचा पंप चालवितील, अशी अपेक्षा कोणी बाळगू नये. जेथे बळापेक्षा नाजूकपणाची गरज आहे, तेच त्यांचे खरे क्षेत्र होय.